आधी सतरंजी, मग सत्कार

पर्वतीच्या पायथ्याला एका वस्तीत, समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर, अडीच वर्षांपासून एक अभ्यासिका चालते. वेळ संध्याकाळी सात ते दहा. दहावी-बारावीची पंचवीस-तीस मुलंमुली येतात, कारण घरी एकाच खोलीत टीव्ही, पाहुणे आणि धाकट्यांचा दंगा. चालवणारी पाच जणं त्याच वस्तीतली, एकोणीस ते बावीस वर्षांची. त्यांतली एक मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, हिशोब तिच्याकडे. तिची वही मी पानन् पान पाहिली आहे. शंभर पानी, पेन्सिलीनं उभ्या रेघा मारलेल्या. ‘ट्यूबलाइट दोन, ५१० रुपये. जुनी पुस्तकं नऊ, आप्पा बळवंत चौक, ६४० रुपये. रिक्षा ७० रुपये, पुस्तकं जड होती म्हणून.’ ते ‘म्हणून’ तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला स्वतःलाच ते लिहावंसं वाटलं.

गेल्या वर्षी या मुलांना अठरा हजार रुपये हवे होते. दोन पंखे, सहा सतरंज्या, एक लोखंडी कपाट आणि विजेचं थकलेलं बिल. मी बरीच वर्षं महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते, त्यामुळे ही मुलं माझ्याकडे आली आणि आम्ही मिळून अर्ज भरायला बसलो. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागाकडून उत्तर आलं, तेही सौजन्यानं : नोंदणी प्रमाणपत्र, करसवलतीची १२-ए आणि ८०-जी प्रमाणपत्रं, सीएसआरचा पैसा घेण्यासाठी संस्थेला लागणारा सीएसआर-१ क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले ताळेबंद पाठवा. त्याच वर्षात दोन वेगवेगळ्या कार्यक्रमांत या पाच जणांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फोटो. दोन्ही सन्मानचिन्हं आज अभ्यासिकेच्या खिडकीत उभी आहेत, कारण ठेवायला कपाट नाही.

मला जे म्हणायचंय ते एवढ्यात आलं आहे. तरुणांनी समाजासाठी काही करावं असं आपण सगळे म्हणतो आणि त्यांनी केलं की कौतुकही मनापासून करतो. पण कौतुक काम झाल्यावर येतं, आणि पैसा लागतो काम सुरू करताना. ज्या वेळी वीस हजारांनी एखादा गट तगतो किंवा मोडतो, नेमक्या त्या वेळी पुण्यासारख्या संस्थांच्या शहरात त्याच्यासाठी सरळ दार नाही. ते दार उघडणं जुन्या, नोंदणीकृत, नावाजलेल्या संस्थांच्या हातात आहे आणि त्यासाठी कुठलाही नवा कायदा लागत नाही.

पुरस्कारांची यादी खरं तर छोटी नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय युवा पुरस्कार १५ ते २९ वयाच्या तरुणांसाठी आहे, व्यक्तीला एक लाख, संस्थेला तीन लाख. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे, त्यात समाजसेवा हे वेगळं क्षेत्र धरलेलं आहे. आपल्या राज्याच्या २०१२च्या युवा धोरणातून जिल्हा आणि राज्य युवा पुरस्कार आले. वयाची मर्यादा १३ ते ३५, जिल्हा पातळीवर युवक-युवतीला दहा हजार आणि संस्थेला पन्नास हजार. हे काम पाहणारं क्रीडा व युवक सेवा संचालनालय इथंच बालेवाडीला आहे. परदेशातला डायना पुरस्कार ९ ते २५ वयासाठी आहे. त्यात रोख रक्कम नसते, आणि नामांकन त्या मुलाचं काम जवळून पाहिलेल्या मोठ्या माणसानं करायचं असतं. शिक्षकांनी हे आवर्जून करावं असं मला वाटतं, कारण पंधरा वर्षांच्या मुलीला ‘तू करतेयस ते कुणीतरी पाहिलं’ हे कळणंच तिला पुढची दोन वर्षं पुरतं. मी पुरस्कारांच्या विरोधात नाही. कार्यक्रम अधिकारी म्हणून मी स्वतः मुलांचे अर्ज रात्री बसून लिहिले आहेत.

पण त्या अर्जांत काय मागतात ते बघा. केलेल्या कामाचे पुरावे : वृत्तपत्रांतली कात्रणं, प्रशस्तिपत्रं, छायाचित्रं, चित्रफिती. संस्था असेल तर नोंदणी आणि काही वर्षांचं काम. म्हणजे ज्याची बातमी आली त्याचं काम झालं. अभ्यासिकेत रोज तीन तास शांतता राखणं ही बातमी होऊ शकत नाही. झाड लावताना फोटो निघतो, दोन उन्हाळे त्याला पाणी घालताना निघत नाही. मुलं हुशार असतात, हे त्यांच्या लवकर लक्षात येतं. माझ्याच एका तुकडीतली मुलं नदीकाठच्या स्वच्छतेला जाताना पिशव्यांआधी बॅनर घेऊन निघाली होती. मी रागावले, पण नंतर मला जाणवलं की हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं. अहवालाला फोटो जोडा, फोटोत बॅनर दिसू द्या, हे वर्षानुवर्षं सांगणारी मीच होते.

आता पैशाची बाजू. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. चाकण, पिंपरी, हिंजवडी, खराडी या पट्ट्यात अशा कंपन्यांना तोटा नाही. पण हा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर ती संस्था नोंदणीकृत हवी आणि तिच्यामागे तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीही आली. एकोणीस वर्षांच्या मुलांच्या गटात हे बसत नाही, आणि सोळा वर्षांच्या मुलांचा तर प्रश्नच नाही, कारण अठराच्या आत त्यांना विश्वस्तही होता येत नाही.

मुलं मग इंटरनेटवर शोधतात. तिथे दिसणाऱ्या बहुतेक योजना परदेशी असतात आणि मुलं आशेनं रात्र रात्र जागून इंग्रजीत प्रस्ताव लिहितात. त्यांना कुणी सांगत नाही की सामाजिक कामासाठी परदेशातून पैसा घ्यायचा तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये कामावर खर्च केलेली असावी लागते. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला परदेशातून आलेला निधी दुसऱ्या संस्थेकडे देताही येत नाही. हे आधी माहीत असेल तर तेवढ्या रात्री वाचतात. माझा सल्ला स्पष्ट आहे : पहिली दोन वर्षं परदेशी निधीचा विचारही करू नका.

‘मग संस्था नोंदवा ना,’ असं लगेच म्हटलं जातं. सात जण जमवले की सोसायटी होते, त्यात काय मोठं? नोंदणी होते, खरंच होते. पण नंतर दरवर्षी लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, विवरणपत्रं, सीएची फी, बँकेच्या खेपा. ज्या गटाचा वर्षाचा खर्च तीस-चाळीस हजार आहे, त्याचा निम्मा जीव कागदांत जातो. शिवाय या वयात मुलं हलतात. एकाला बंगळूरला नोकरी लागते, एकीचं लग्न ठरतं, एक स्पर्धा परीक्षेच्या मागे लागतो. दोन वर्षांत सातांतले तीन उरतात आणि मागे एक मृत संस्था राहते, जिच्या अध्यक्षाची सही आणायला कुरिअर करावं लागतं. काम पाच वर्षं टिकेल की नाही हे कळण्याआधी संस्था काढायला लावणं चूक आहे.

आणि पुण्याला हे नवं नाही. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा जोतीराव वीस-एकविशीतले होते, सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर तिशीच्या आत होते आणि टिळक तेवीस वर्षांचे. ती शाळा चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली ती १८८४ मध्ये. मधली चार वर्षं शाळा चालत होती, वाढत होती, आणि सोसायटी व्हायच्या आधीच, १८८२ साली, चिपळूणकर गेलेही. आधी काम उभं राहिलं, कामानं विश्वास मिळवला, मग त्याला संस्थेचं अंग आलं. आज आपण तरुणांना नेमका उलटा क्रम सांगतो.

पैशाचंही तसंच. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी काढलेला पैसा फंड आठवा. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मोठा देणगीदार शोधत बसण्यापेक्षा हजार लहान देणगीदार गोळा करायचे, ही रीत आपल्या मातीतली आहे, आणि गणेशोत्सवाची वर्गणी मागत वाड्यांचे जिने चढलेल्या कुठल्याही पोराला ती शिकवावी लागत नाही. मंडळाचं पावतीपुस्तक हातात घेऊन दारावर उभं राहण्यात जे शिक्षण आहे ते कुठल्या कार्यशाळेत मिळत नाही : नकार हसून घ्यायचा, पावती लगेच फाडायची, आकडा आधी अक्षरी लिहायचा.

वर्गणीला कायद्याचा आधारही आहे, हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली, नोंदणीकृत न्यास नसतानाही धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायची परवानगी धर्मादाय कार्यालयाकडून घेता येते. दरवर्षी उत्सवाआधी मंडळं घेतात ती हीच. मंडळ ती मांडवासाठी घेतं, तर मुलं अभ्यासिकेसाठी का नाही? परवानगी मिळाली की पावती आणि हिशोब आपोआप आले, आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर कागद हातात असतो.

हिशोबाबद्दल मी कडक आहे, आणि त्याचं कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आमच्या मुलांनी दोन दिवसांत बरीच रक्कम आणि टेम्पोभर सामान जमवलं. जीव तोडून राबली ती. पण पैसे तिघांच्या फोनवर वेगवेगळे आले, डिझेलचं बिल कुणी घेतलं नाही, ब्लँकेटं दोन दुकानांतून रोखीनं आली. महिन्यानं हिशोबाला बसलो तर साडेचार हजारांचा मेळ लागेना. कुणीही रुपया खाल्ला नव्हता, याची मला आजही खात्री आहे. तरी तो गट फुटला. दोन जिवलग मैत्रिणी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. त्या साडेचार हजारांनी आमचा चांगला गट गेला, आणि मी तिथे शिक्षिका म्हणून असून पहिल्या दिवशी वही उघडायला लावली नाही, ही माझी चूक.

त्यामुळे ‘मुलांच्या हातात पैसे कसे द्यायचे, वाया गेले तर?’ हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. देणगीदाराला तो विचारायचा अधिकार आहे. कंपनीतला अधिकारीही भागधारकांना आणि कायद्याला उत्तर देणार असतो, तीन वर्षांच्या अनुभवाची अट कुणी मुलांच्या द्वेषानं घातलेली नाही. पण अठरा हजारांच्या मदतीला अठरा लाखांची चाळणी लावली की चाळणीचा खर्चच मदतीपेक्षा मोठा होतो. जोखीम कमी करायचा सोपा मार्ग रक्कम लहान ठेवणं आणि हप्ते पाडणं हा आहे. सहा हजार द्या, वही बघा, पुढचे सहा द्या. तीन महिन्यांत पंखा फिरतोय की नाही हे जिना चढून बघता येतं.

कंपन्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. मध्यस्थ संस्थेशिवाय स्वतः थेट सीएसआरचा खर्च करायची मुभा नियमांत आहे. कपाट आणि पंखे कंपनीनं स्वतः घेऊन दिले तर मुलांकडे सीएसआर-१ मागायची गरज नाही. त्रयस्थाकडून परिणामांचं मूल्यमापन करून घ्यायची सक्ती आहे ती ज्यांची सीएसआरची सरासरी जबाबदारी दहा कोटी किंवा त्याहून जास्त आहे त्यांना, आणि तीही एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी. लहान कामाला अडवणूक कायद्याची कमी आणि सवयीची जास्त आहे. शंभर लहान कामं बघण्यापेक्षा एक मोठं काम बघणं सोपं जातं, इतकंच ते कारण.

महापालिकेकडे एक जुनं आणि चांगलं साधन आहे. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेतल्या जातात. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा, आपल्या भागातलं एखादं छोटं काम सुचवायचं. दिवे, पदपथ, बाक, स्वच्छतागृह अशी कामं त्यातून होतात. समाजमंदिराची वायरिंग नीट करून घ्यायची असेल तर हा फॉर्म मुलांनी जरूर भरावा. पण यातून बांधकाम होतं, माणसांनी चालवायचं काम होत नाही. बाक मिळतो, बाकावर बसून शिकवणाऱ्याच्या चहाचे, झेरॉक्सचे, पीएमपी बसच्या तिकिटाचे पैसे मिळत नाहीत. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयामागे वर्षाला दोन-चार लाख रुपये तरुणांच्या उपक्रमांसाठी वेगळे ठेवले आणि त्याची निवड वस्तीतल्या लोकांसमोर केली, तर एवढ्या मोठ्या अंदाजपत्रकात तो आकडा शोधूनही सापडणार नाही. नवीन नगरसेवकांकडे, जुन्यांकडे, प्रशासनाकडे, सगळ्यांकडे माझी ही मागणी आहे.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त टोचतो. यांतल्या बऱ्याच योजनांचे अर्ज इंग्रजीत असतात. दोन मिनिटांचा व्हिडिओ करा, तोही इंग्रजीत. कोथरूड-औंधच्या चांगल्या शाळांतल्या मुलांना ते सहज जमतं, आणि त्यांचं काम खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण आमची बीकॉमची मुलगी तोच अर्ज लिहिते तेव्हा तिला येत असलेलं सगळं त्या भाषेत मावत नाही. ‘तुमच्या कामाचा परिणाम काय?’ या रकान्यात तिनं इंग्रजीत दोन मोघम ओळी लिहिल्या. मराठीत विचारलं तर म्हणाली, “मॅडम, आधी मुली साडेआठला उठून जायच्या, आता दहापर्यंत बसतात. त्यांच्या आया खाली जिन्यात येऊन थांबतात न्यायला, पण ‘चल घरी’ म्हणत नाहीत.” यापेक्षा मोठा परिणाम कुठला मांडायचा? हे निवड समितीपर्यंत पोचलंच नाही. पुण्यात बसून पुण्यातल्या वस्तीसाठी निधी देणाऱ्यांनी अर्ज मराठीत घ्यावा, आणि शक्य तिथे अर्जाऐवजी भेट द्यावी.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, ही तिची चौकट. मुळशी-पुरंदरच्या गावांत त्या सात दिवसांत बदललेली मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण २४० तास भरले, प्रमाणपत्र मिळालं, की पुढं काय? ज्याला दोनशे एक्केचाळिसावा तास करायचाय त्याच्यासाठी आपल्याकडे काही व्यवस्था नाही. अभ्यासिकेच्या पाचांपैकी तिघं त्या तासावर उभी आहेत.

म्हणून जुन्या संस्थांकडे येते. पुण्यात शंभरी गाठलेल्या संस्था आहेत, वाचनालयं आहेत, शिक्षण मंडळं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, रोटरीचे क्लब आहेत. त्यांच्याकडे नोंदणी आहे, ८०-जी आहे, बँकेत खातं आहे, सीए आहे आणि बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी रिकामी पडणारी खोलीही आहे. नाही ती एकच गोष्ट : चाळिशीच्या आतली माणसं. अशा संस्थेनं एखाद्या तरुण गटाला दोन वर्षांसाठी आपल्या पंखाखाली घ्यावं. उपक्रम संस्थेच्या उद्देशांत बसणारा हवा. पैसा संस्थेच्या खात्यात येईल, बिलं संस्थेच्या नावावर होतील, देणगीदाराला करसवलतीची पावती मिळेल, आणि काम मुलं करतील. दोन हजारांच्या वरची देणगी रोख घ्यायची नाही, नाहीतर ती सवलत मिळत नाही, एवढं पथ्य. काम कसं करायचं हे मात्र मुलंच ठरवतील. आपलं नाव दिलं म्हणून अभ्यासिकेच्या उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, भिंतीवर कुणाचा फोटो लावायचा, हे संस्थेनं सांगू नये. मी दोन ठिकाणी हा प्रयोग एवढ्याच कारणावरून मोडलेला पाहिला आहे.

मी ज्या छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, तिथे पुढच्या मासिक सभेत हा ठराव मांडते आहे. मसुदा इथे देते. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी शब्द बदलून वापरावा.

‘वस्तीतील अभ्यासिकेचा उपक्रम संस्थेच्या शैक्षणिक उद्देशांतर्गत दोन वर्षांसाठी संस्थेचा उपक्रम म्हणून चालवावा. त्यासाठी संस्थेच्या निधीतून अठरा हजार रुपये तीन समान हप्त्यांत खर्चावेत. पहिला हप्ता लगेच द्यावा, पुढचे हप्ते वही व बिलं पाहून द्यावेत. उपक्रमासाठी स्वतंत्र खातेवही ठेवावी व ती अभ्यासिकेत सर्वांना पाहता येईल अशी टांगावी. दैनंदिन निर्णय उपक्रम चालवणाऱ्या तरुणांनी घ्यावेत. कार्यकारिणीच्या एका सदस्यानं महिन्यातून एकदा संध्याकाळी सात ते दहा या वेळेत तिथे जाऊन बसावं.’

शेवटचं वाक्य खोडू नका असं मी सभेत आधीच सांगणार आहे. पहिला महिना माझा.